भांडणाऱ्या बायकांचे दिवस

बाई कुठल्या विचाराची, हे त्या काळी तिच्या खांद्यावरच्या पिशवीवरून ओळखता येई. पिशवी खादीची, धुवून धुवून विटलेली, आत 'साधना'चा अंक आणि सेवादलाच्या गाण्यांची वही असली की बाई समाजवादी. पावतीपुस्तक आणि लोकवाङ्मय गृहाची पुस्तकं असली की डावी. या बायका भेटल्या भेटल्या वर्गणीची पावती फाडत. हातमागाच्या झोळीत दिल्लीहून निघणारं 'मानुषी' आणि केट मिलेटच्या पुस्तकाच्या पुसट झेरॉक्स घेऊन येणाऱ्या मुंबईच्या पोरी 'स्वायत्त' गटातल्या, म्हणजे कुठल्याच पक्षाच्या नाहीत आणि म्हणून सगळ्याच पक्षांच्या डोळ्यांत खुपणाऱ्या. इस्त्रीच्या साडीत, पर्स घेऊन, सांगितलेल्या वेळेवर येणाऱ्या बायका शिक्षणसंस्थांतल्या, सेवासदन-कर्वे परंपरेतल्या. त्यांना 'उदारमतवादी' म्हटलेलं आवडत नसे. 'आम्ही आपलं काम करतो,' असं त्या म्हणत.

पंचाहत्तरनंतरच्या दहाएक वर्षांतलं हे पुणं. पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर सतरंजी अंथरून आमच्या बैठका होत. स्त्रीवादाच्या ज्या शाखा आज विद्यापीठाच्या पेपरात 'सोदाहरण स्पष्ट करा' म्हणून विचारल्या जातात, त्या सगळ्या त्या सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या असत आणि एकमेकींचं बोलणं अर्ध्यात तोडत.

पर्सवाल्या बाईंचं म्हणणं साधं असे. मुलींना शिकवा, कायदे बदला, नोकरीची दारं उघडा, बाकीचं हळूहळू होतं. यामागे १७९२ सालची मेरी वुल्स्टनक्राफ्ट होती, १८६९चा जॉन स्टुअर्ट मिल होता आणि त्या दोघांपेक्षा आमच्या जवळची पंडिता रमाबाई होती. डाव्या बाईला ही वरवरची मलमपट्टी वाटे. ती एंगेल्स काढी. बाईची गुलामी खाजगी मालमत्तेबरोबर आली, मालमत्तेचं गणित बदलल्याशिवाय ती जायची नाही. विडी कामगार बाईला पदवी देऊन काय करणार, आधी मजुरी द्या. यावर झोळीवाली उसळून म्हणे, 'आणि तो विडी कामगार घरी येऊन बायकोला मारतो त्याचं काय? क्रांती होईपर्यंत तिनं मार खायचा?' तिच्या मते मूळ कारखान्यात नव्हतं, घरात होतं, अंथरुणात होतं, बाईच्या शरीरावर कुणाची मालकी या प्रश्नात होतं. शेवटी कुणीतरी मध्ये पडून सांगे की भांडवलशाही आणि पुरुषसत्ता या दोघी जावा आहेत, एकमेकींशी पटत नसलं तरी बाईला राबवून घेण्यात दोघींचं एकमत. समाजवादी स्त्रीवाद म्हणून ग्रंथांत पुढे जे वाचलं, ते मी पहिल्यांदा असं ऐकलं. स्वयंपाक, धुणी, मुलं वाढवणं या कामांचा हिशेब कुठल्याच अर्थशास्त्रात नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. तो निघाला की पर्सवाल्या बाईसुद्धा मान डोलावत.

भांडण इतकं व्हायचं, पण उठून कुणी जात नसे. याचं कारण फार थोर नव्हतं. आमच्या ओळखीतलं एकुलतं एक सायक्लोस्टाइल यंत्र डाव्यांच्या युनियन ऑफिसात होतं. पत्रकं हवीत तर त्यांच्याशी बोलणं भाग. सभागृह पर्सवाल्या बाईंच्या ओळखीनं फुकट मिळे. मोर्चाला बायका समाजवाद्यांच्या आणि डाव्यांच्या वस्त्यांतून येत. आणि मुंबईच्या पोरींकडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ओळखी होत्या. प्रत्येकीकडे एकेक वस्तू आणि कुणाकडेच सगळं नाही.

स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडे असे. मराठी टाइपरायटर मिळाला नाही तर मेणकागदावर टोकदार लेखणीनं एकेक अक्षर हातानं कोरायचं. इंग्रजीत ते सोपं, मराठीत शिरोरेघ नडते. रेघ जरा जोरात ओढली की कागद तिथं सलग फाटणार आणि छापताना शाई त्या फटीतून उतरून अख्खी ओळ काळीठिक्कर होणार. म्हणून मी शिरोरेघ तुटक तुटक काढायला शिकले होते. 'पुरुषप्रधान' या शब्दाच्या डोक्यावरची रेघ आमच्या पत्रकांत कधीच अखंड नसायची. दांडा फिरवून हात दुखत, शाई दोन-दोन दिवस नखांतून निघत नसे आणि युनियनचे एक म्हातारे कार्यकर्ते कागद मोजून देताना विचारत, 'यात वर्गसंघर्षाचं काही आहे की नाही?' मग आम्ही तळाला एक घोषणा वाढवत असू.

तरी खरी सुरुवात या माडीवर झाली नव्हती. ती गोडेतेलाच्या भावावरून झाली होती. १९७२च्या दुष्काळात मुंबईत समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात एकत्र येऊन बायकांना रस्त्यावर काढलं. हातात लाटणी, थाळ्यांचा दणदणाट. त्या मोर्चातल्या बाईला 'तुम्ही स्त्रीवादी का?' असं विचारलं असतं तर तिनं लाटणंच दाखवलं असतं. गोरेगावात पाण्यासाठी भांडून मृणालताई 'पाणीवाली बाई' झाल्याच होत्या. १९७७ला त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी पडल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा पोरासोरांच्या तोंडी होती. तिकडे शहाद्याला श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायका दारूचे अड्डे फोडत होत्या. त्यांनीही मिल वाचलेला नव्हता.

आताही महागाई आहेच. गॅस सिलिंडर वाढला की तासाभरात फोनवर विनोद येतात, त्यातले काही फर्मास असतात. हसून फोन ठेवला की राग उतरलेला असतो. २०२४पासून सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेतून बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा होऊ लागले. त्यावर नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझ्याकडे भाजी देणाऱ्या बाईनं त्या पैशांतून पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता चष्मा केला, हे मी पाहिलंय. पण लाटणं घेऊन मागायला निघालेली बाई आणि 'बहीण' म्हणून ओवाळणी मिळालेली बाई यांच्यात फरक आहे, आणि तो कुठल्या पक्षाचं सरकार आहे यावर अवलंबून नाही.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं महिला वर्ष. आमच्याकडे त्याच वर्षी आणीबाणी लागली, त्यामुळे सरकारी जल्लोष जोरात आणि बाकी सगळं चिडीचूप. तशातही ऑक्टोबरात पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. शेतमजूर बाया, आदिवासी बाया, शिक्षिका, कॉलेजच्या मुली एका मांडवात बसल्या. गेल ऑम्व्हेट या अमेरिकेतून आलेल्या आणि पुढे कासेगावच्या होऊन गेलेल्या बाईनं त्या दिवसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आमच्याबद्दल जगाला कळलं ते बरंचसं त्यामुळे.

पण त्या वर्षीची माझ्या मते सगळ्यात मोठी घटना परिषदेत नव्हे, एका छोट्या पुस्तकात घडली. स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा छापून आणलं. मूळ पुस्तक १८८२चं, बुलढाण्याच्या बाईनं लिहिलेलं, मधली जवळजवळ शंभर वर्षं गडप. तोवर 'हे तुमचं पाश्चात्त्य खूळ' असं कुणी म्हटलं की आम्ही गडबडून जात असू. आता पुस्तकच पुढे करता येई. विधवेला नियम आणि विधुराला बोहलं का, असं विचारणारी ही बाई कुठल्या शाखेची? उदारमतवादी म्हणावं तर ती शिक्षण-कायद्यावर थांबत नाही, शास्त्रं लिहिणाऱ्यांवरच घसरते. जहाल म्हणावं तर पतिव्रता धर्म सोडा असंही ती म्हणत नाही. आमच्या बैठकीत सगळ्याच जणी तिला आपल्यात ओढत होत्या. मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते, की ती फक्त संतापलेली होती आणि तिच्या संतापाला मराठी उत्तम येत होतं.

ते पुस्तक तेव्हा हातोहात फिरे, पानं सुटेपर्यंत. आज ते कुणीही फोनवर उतरवून घेतं. माझ्या भाच्याच्या मुलीकडे आहे. 'वाचलंस?' म्हटलं तर म्हणाली, 'सेव्ह केलंय.'

घरातली आणि शरीराची हिंसा हा 'जहाल' प्रश्न आमच्याकडे पुस्तकातून आला असं अभ्यासक लिहितात, तेव्हा मला हसू येतं. तो देसाईगंजच्या पोलीस चौकीतून आला. १९७२ साली तिथं मथुरा या कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण. सत्र न्यायालयात ते सुटले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार, असा एकूण सूर. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते आमच्यापर्यंत आलं तेव्हा प्रतीची प्रत होती, काही ओळी नुसत्या अंदाजानं वाचाव्या लागल्या. ते वाचल्यावर त्या दिवशी मात्र माडीवर कुणी शाखेवरून भांडलं नाही. १९८०च्या आठ मार्चला देशभर मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं संमती नव्हती म्हटलं तर ती नव्हती असं धरून चालावं, हे कायद्यात आलं ते तेव्हा.

त्याच काळात पुण्यात हुंड्यासाठी, संशयावरून जाणारे बळी आमच्या अगदी दारात आले. १९८२मध्ये नारी समता मंच निघाला आणि त्यातल्याच एका बळीच्या नावाचं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव गेलं. विद्या बाळ त्यात पुढे होत्या. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका तक्त्यांपुढे उभ्या राहून वाचत आणि मग बाजूला येऊन हळूच विचारत, 'मला कुणाशी बोलायचं असेल तर?' त्यांच्यासाठी एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या गेल्या. पुढची सगळी समुपदेशन केंद्रं त्या दोन खुर्च्यांची वाढ आहे, असं मी मानते.

आणि २०१८? 'मी टू'च्या दिवसांत मुली रात्री दोन वाजता, एकट्या, फोनवर टाइप करत होत्या. आम्हाला जे बोलायला टेबल, खुर्ची आणि आडोसा लागला, ते त्यांनी सगळ्यांदेखत, नावानिशी लिहिलं. हे धाडस आमच्यात नव्हतं. १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं, २०१३चा कामाच्या ठिकाणचा कायदा त्यांच्या पाठीशी होता हे खरं. तरी लिहिणारी ती एकटीच होती. मला खंत एवढीच वाटते, की तिसऱ्या दिवशी जेव्हा वकिलाची नोटीस आली तेव्हा तिच्या घरी डबा घेऊन जाणारं कुणी होतं का, हे माहीत नाही. लाखभर 'लाइक' नोटिशीला उत्तर देत नाहीत.

इथवर वाचून सतरंजी फार मोठी होती असं वाटेल. तशी ती नव्हती. तिच्यावर कोण नव्हतं ते सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं उसासे टाकणं होईल. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ला आलं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं अमुचं' 'स्त्री' मासिकात क्रमशः छापलं गेलं आणि १९८६मध्ये पुस्तकरूपात आलं. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचंही आत्मकथन आलं. दलित बायकांची ही पुस्तकं आम्ही वाचली, हळहळलो, परीक्षणं लिहिली. पण 'सगळ्या बायका एक' ही आमची लाडकी घोषणा त्या पुस्तकांनी मोडीत काढली आहे, हे कळायला चळवळीला फार वेळ लागला. एका घरातली बाई सोवळ्यात कोंडलेली आणि दुसरीला त्या घराच्या अंगणातही प्रवेश नाही, या दोघींचं दुःख एक कसं? १९८९मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून केलेलं काम. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत किंबर्ले क्रेनशॉ यांनी काळ्या स्त्रियांच्या खटल्यांवरून वंश आणि लिंग यांची गुंतागुंत मांडणारा तो प्रसिद्ध लेख लिहिला. आज पुण्या-मुंबईच्या मुलींना क्रेनशॉ पाठ असते, पवार-मून यांचं नाव सांगावं लागतं. पुढे १९९५मध्ये गोपाळ गुरू आणि १९९८मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांचा दृष्टिकोन हा स्त्रीवादाचा एक कोपरा नसून तिथूनच सगळं पाहायला हवं, असं खणखणीत मांडलं. रेगेबाई २०१३मध्ये पन्नाशीच्या आत गेल्या. त्यांच्या वर्गात बसलेल्या मुली आज प्राध्यापक आहेत, आणि आमच्या पिढीला प्रश्न विचारताना त्या भीड ठेवत नाहीत. ठेवूही नये.

गावाकडच्या बायकांचंही असंच. १९८६मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडला महिला अधिवेशन घेतलं, तेव्हा लोटलेल्या बायका बघून शहरी गट चक्रावले. पुरुष नेत्याच्या हाकेवर आलेल्या बायकांना मुक्त म्हणायचं का, यावर आम्ही रात्र घालवली. आमचं ठरायच्या आत त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावलं. सातबाऱ्यावर बाईचं नाव. एंगेल्सला हे आवडलं असतं की नाही, यावर माडीवर अजून चर्चा चालू असेल, माडी असती तर. तिथं आता सात मजली इमारत आहे.

समलिंगी बायकांसाठी तर त्या सतरंजीचा कोपराही मोकळा नव्हता. 'हा आत्ताचा प्रश्न नाही,' असं म्हणून विषय बदलला जाई. आजच्या मुली ती गोष्ट आम्हाला माफ करत नाहीत.

भाच्याच्या मुलीला सगळ्या शाखा माहीत आहेत. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी, पर्यावरणवादी, उत्तर-वसाहतवादी, क्वीअर. दहा चित्रांच्या एका पोस्टमध्ये तिनं त्या शिकून घेतल्या, आणि व्याख्या आमच्यापेक्षा नेमक्या सांगते. मला हेवा वाटतो. आम्हाला 'द सेकंड सेक्स' हातात पडायला कुणीतरी परदेशातून यावं लागे. आता करुणा गोखले यांचं मराठी भाषांतर आहे. पण वेगळ्या शाखेची बाई तिच्या शेजारी कधी बसलेली नाही. मतभेद झाला की ती समोरचीला ब्लॉक करते. तिचा दोष नाही, तिच्याकडे स्वतःचं छापखाना-यंत्र आहे, सभागृह आहे, वर्तमानपत्र आहे, सगळं त्या एका फोनमध्ये. तिला कुणाची गरज पडत नाही. युनियनच्या म्हाताऱ्याला तोंड द्यावं लागलं नाही, म्हणून पत्रकाच्या तळाला दुसऱ्याची घोषणा लिहायचीही वेळ आली नाही.

आठ मार्चला तिच्या ऑफिसात गुलाबाचं फूल आणि पार्लरचं सवलतीचं कूपन मिळतं. उदारमतवादी शाखा जिंकली ती अशी. पर्सवाल्या बाई असत्या तर त्यांना मुलींचे पगार बघून आनंद झाला असता आणि कूपन बघून राग आला असता. जिंकणं म्हणजे सगळीकडेच जिंकणं नाही, हेही आहेच. 'मुलगी झाली हो' हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक स्त्रीमुक्ती संघटनेनं १९८३पासून शाळा, वस्त्या, खेड्यांत केलं, बायका हसून हसून रडत. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्रानंच केला. आणि राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली २००१च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या. नाटकाला टाळ्या देणाऱ्या हातांतलेच काही सोनोग्राफीची पावती फाडत होते, दुसरं काय म्हणणार? उलट १ मे २०२४पासून राज्यात सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव आलं, फारशी मारामारी न होता. आमच्यातल्या ज्यांनी हे चाळीस वर्षांपूर्वी सुचवलं त्यांना घरात वेड्यात काढलं होतं.

मागच्या महिन्यात भाच्याची मुलगी तिच्या चार मैत्रिणींना घेऊन माझ्याकडे आली. जुनी पत्रकं पाहायची होती. त्यांना आमची तुटक शिरोरेघ ही मुद्दाम केलेली कलाकुसर वाटली. बोलता बोलता एकीनं विचारलं, 'आजी, तुम्ही मोर्च्याला जायचात तेव्हा घरचं कोण करायचं?' मी म्हटलं, सासूबाई, आणि भांड्याला यायच्या त्या बाई. १९८०मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी पगारासाठी संप केला आणि संघटना बांधली, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींची पंचाईत झाली होती, हेही सांगितलं. सकाळी संपाला पाठिंब्याचं पत्रक आणि दुपारी मोरीत भांड्यांचा ढीग. पर्सवाल्या एक बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, 'तत्त्व मान्य, पण सणाच्या तोंडावर?'

पोरी हसल्या. मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, 'हसतेस काय, तू परवा दहा मिनिटांत बाई पाठवणाऱ्या त्या ॲपवरून बाई बोलावलीस ना?' ती म्हणाली, 'मग? तिला तासाचे पैसे मिळतात, कुणाची ताबेदारी नाही, नको तेव्हा ती काम बंद ठेवते. उलट हे जास्त मोकळं.' तिसरी म्हणाली, 'आणि तिला एक तारा कमी दिलास तर तिचं काम बंद होतं, ते? संप कुणाविरुद्ध करायचा तिनं, ॲपविरुद्ध?' चौथीनं कायद्याचं काढलं. मी म्हटलं, घरेलू कामगारांसाठी २००८चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. ती म्हणाली, 'तो ॲपवाल्यांना लागतो का?' भाच्याची मुलगी म्हणाली, 'मुळात घरातल्या पुरुषानं भांडी घासली असती तर हा प्रश्नच आला नसता.' तिसरी ओरडली, 'आला असता! तुझ्याकडे पुरुष घासेल, तिच्याकडे चूल पेटायला पैसे कुठून येतील?'

चहा गार झाला. मी दोनदा मध्ये बोलायला गेले, कुणी ऐकलं नाही, तेव्हा आवाज चढवला.